मामूंचं शांततेतलं खबरखातं

परवा संध्याकाळी तुम्ही खुबूसच्या किती रोट्या विकत घेतल्या, आणि नेहमीपेक्षा दोन कमी का घेतल्या, हे तुमच्याशिवाय आणखी कुणाला माहीत असावं असं तुम्हाला वाटतं का? मला विचाराल तर कुणालाही माहीत असू नये. दुकानदाराला नाही, शेजाऱ्याला नाही, सरकारला तर मुळीच नाही. या मतावर मी आजही ठाम आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण ज्या माणसाबद्दल मी लिहायला बसले आहे त्याच्यावर माझा जीव आहे, आणि त्याला तुमच्या रोट्यांचा आकडा नक्की माहीत असता. हा माणूस म्हणजे माझ्या भाभीचे मामू. लढाया सगळ्या जगाच्या कधी ना कधी संपतात. अख्ख्या कतारमध्ये एकट्या मामूंची लढाई संपलेली नव्हती. आणि मुंगी चालत असली तर चप्पल उचलून हातात घेणारा असा लढवय्या मी दुसरा पाहिलेला नाही.

आम्ही, म्हणजे भाऊ, भाभी, त्यांची मुलगी आणि मी, कतारमधल्या मुऐदरला एका व्हिलात राहतो. व्हिला म्हटलं की गावाकडे लोक डोळे मोठे करतात, म्हणून सांगते, की या व्हिलाच्या पोटात प्लायवूडच्या भिंती घालून नऊ बिऱ्हाडं बसवलेली आहेत. मधे अंगण, अंगणात सगळ्यांचं मिळून एक वॉशिंग मशीन आणि एक बोरीचं झाड. प्रत्येक खोलीत किती माणसं राहणार हे करारावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात किती राहतात ते कुणी लिहीत नाही. मामू सोडून. ते राहायचे फाटकाजवळच्या खोलीत, जी मूळ मालकाने पहारेकऱ्यासाठी बांधली होती. व्हिलात चांगल्या खोल्या दोनदा रिकाम्या झाल्या, पण मामू हलले नाहीत. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या खिडकीवरून गेलाच पाहिजे, ही त्यांची अट होती. नोकरी मेसईदच्या एका पोलादाच्या कारखान्यात, स्टोअरकीपरची. पहाटे कंपनीची बस त्यांना घेऊन जायची आणि दुपारी आणून सोडायची, आणि ह्या बसलाच ते 'सकाळची बैठक' म्हणायचे. कारण पन्नास माणसं तासभर एका जागी बसून आपापल्या घरचं बोलतात, आणि मामू डोळे मिटून झोपल्याचं सोंग करतात, याहून चांगली बैठक कुठल्या मंत्रालयात होत असेल?

त्यांचं दफ्तर म्हणजे बिस्किटांचा एक निळा गोल डबा. इतर घरांमध्ये या डब्यात सुई-दोरा असतो. मामूंच्या डब्यात माणसं होती. स्टोअरमध्ये येणाऱ्या बेअरिंगच्या खोक्यांचे पुठ्ठे ते तळहाताएवढे कापून आणायचे. एका माणसाला एक कार्ड. त्यावर बारीक, टोकदार अक्षरात नाव, खोली, गाव, आजार, आणि शेवटी 'अखेरचा दिसला' असा एक रकाना, जो ते पेन्सिलीने भरायचे आणि रोज खोडून पुन्हा भरायचे. हिरवा रबरबँड म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे लक्ष ठेवा. माहिती आणून देणारे तिघेच होते, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला केरळचा माणूस आणि बसचा ड्रायव्हर. यांतल्या एकालाही आपण माहिती आणून देतो हे माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, म्हातारा गप्पिष्ट आहे. फोनवर मामू कधीच सरळ बोलत नसत. "हवा कशी हाय?" एवढंच विचारायचे. 'मोकळी' म्हणजे सगळे बरे. 'कोंदट' म्हणजे कुणीतरी आजारी. एकदा भाभी वैतागून म्हणाली, "मामू, सरळ विचारा ना, सगळे ठीक हायत का?"

"सरळ विचारलं का माणूस सरळ खोटं सांगतो, गो," मामू म्हणाले. "हवा विचारली का आधी खिडकीबाहेर बघतो. त्या येळात खरं तोंडावर येतं."

व्हॉट्सअॅपवर त्यांचा विश्वास नव्हता. "त्याच्यात माणूस ऑनलाइन दिसतो. जिवंत हाय का, ते दिसत नाय." भाभीची नऊ वर्षांची मुलगी इंग्रजी शाळेत जाते, मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. ती एकदा डब्यात डोकावून म्हणाली, "मामू, दॅट्स स्पाइंग." मामूंनी तिच्या कार्डावर लिहिलं, 'नजर चांगली. पुढे उपयोगी.'

खबर खरी असायची, हे कबूल केलं पाहिजे. घोळ व्हायचा तो अर्थ लावताना. आमच्याकडे परभणीचे कुलकर्णी म्हणून एक अकाउंटंट एकटेच राहतात, गच्चीवरच्या खोलीत. एकदा तीन दिवस त्यांनी खुबूस घेतली नाही, दूध घेतलं नाही, इस्त्रीला शर्ट दिला नाही. मामूंनी रबरबँड बदलला. शुक्रवारी सकाळी ते, पेजेचं पातेलं घेतलेली भाभी, वसईची रोझी आणि मागून मी, असा मोर्चा गच्चीवर गेला. रोझी इस्पितळात नर्स आहे, पाच नंबरच्या खोलीत राहते, आणि बीपीचं यंत्र ती इतर बायका पर्स घेतात तसं घेऊन फिरते. दार वाजवलं, उत्तर नाही. मामूंनी खिडकीतून पाहिलं तर त्यांना फक्त दोन पाय दिसले, तेही वरच्या बाजूला. ते "या अल्लाह" म्हणून खाली बसले. कुलकर्णी शीर्षासन करत होते. मोबाइलवर कसलंसं शुद्धीकरण शिबिर चालू होतं, तीन दिवस नुसती काकडी खायची आणि रजा टाकून घरीच राहायचं. रोझीने आलीच आहे तर म्हणून बीपी घेतलं. ते वाढलेलं निघालं, पण आमच्यामुळे. "मामू," कुलकर्णी पेज पिताना म्हणाले, "आमच्याकडं माणूस मेला तरच एवढे लोक येतात हो."

"म्हणूनच आधी आलो," मामू म्हणाले.

माझं त्यांच्याशी बिनसलं ते नारळांवरून. एका गुरुवारी भाभीने चार नारळ, किलोभर रवा आणि एक नवा टेबलक्लॉथ आणला. मला पाहायला लोक येणार होते, आणि ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये अशी मी भाभीला शपथ घातली होती, कारण मला नकार द्यायचा होता आणि तो शांतपणे द्यायचा होता. मामूंनी नारळ मोजले आणि निष्कर्ष काढला. शुक्रवारी सकाळी इस्त्रीवाला न सांगता माझा हिरवा ड्रेस मागायला आला. रोझीने मोगऱ्याचा गजरा पाठवला. कुलकर्णी जिन्यात भेटले आणि डोळे पुसत म्हणाले, "सुखी राहा." नकार देऊन मी बाहेर आले तेव्हा अंगणात सात माणसं पेढे मिळतील म्हणून उभी होती.

आता माझं थोडं सांगते. माझे अब्बा चिपळूणला छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक करून बसवायचे. धरणात जमीन गेलेल्यांची पत्रकं, मच्छीमारांची पत्रकं, संपाची पत्रकं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, आणि घरात भांडण झालं तरी मी मुद्दे क्रमाने मांडते. तेव्हा त्या संध्याकाळी मी जे केलं ते मला करणं भागच होतं. मी एक पत्रक लिहिलं आणि वॉशिंग मशीनवर चिकटवलं. मथळा होता, 'भिंतीतले कान काढा'. लढाईच्या काळात जमवायला लागलेली माहिती शांतता आली की आपण होऊन घरी जात नाही; ती खुर्ची मागते, कपाट मागते, शिक्का मागते; आणि एक दिवस आपणच तिच्यापुढे रांगेत उभे असतो, असं मी त्यात लिहिलं होतं. मला ते अजूनही बऱ्यापैकी वाटतं.

दुसऱ्या दिवशी पत्रक जागेवरच होतं. फक्त त्यावर पेन्सिलीने दुरुस्त्या होत्या. 'चाळीस कार्डे' खोडून 'बावन्न' केलं होतं. एका ठिकाणी 'पुरावा?' असं विचारलं होतं. खाली शेरा होता, 'मुद्दा तिसरा चांगला. अब्बांवर गेली आहे.' आणि मला नंतर कळलं, त्याच दिवशी माझ्या कार्डावर नोंद झाली होती, 'रागात. जेवण कमी. भाभीला सांगणे.'

त्या दिवसापासून ते मला पत्रकवाली म्हणायला लागले, आणि आमची रोज बोरीखाली चर्चा व्हायला लागली. मामूंचा सिद्धान्त असा होता. "प्रत्येक सरकार लढाईत कान उघडे ठेवतं. बरोबर? मग लढाई संपते. येडं सरकार काय करतं, सगळ्यांना घरी धाडतं. खलास. शहाणं सरकार तीच माणसं, तेच कागद घेतं, नि बारमाही खातं काढतं. का? तर लढाईत माणूस मरतो तो सगळ्यांना दिसतो. शांततेत मरतो तो कुणाला दिसत नाय."

"आणि त्या खात्यावर लक्ष कोण ठेवणार, मामू?"

"मी."

"खातं पण तुम्ही, लक्ष पण तुम्हीच?"

"मग काय, माणसं कमी हायत," मामू म्हणाले.

मी तासभर बोलले. खात्याची भूक कशी वाढते, शत्रू उरला नाही की ते घरातलीच माणसं कशी मोजायला लागतं, सगळं क्रमाने. त्यांनी ऐकून घेतलं. मग डब्याच्या तळातून एक कार्ड काढलं. हे बेअरिंगच्या पुठ्ठ्याचं नव्हतं. जुना, पिवळा पडलेला, तेलाचे डाग असलेला कागद, चारदा घडी घातलेला. त्यावर फक्त एक नाव, इसहाक.

मामू तरुणपणी कुवेतला होते. तिथे लढाई आली तेव्हा एका दिवसात फोन बंद झाले, कंपन्या बंद झाल्या, आणि आमच्या खाडीपट्ट्यातली माणसं शहरभर विखुरलेली. मामू एका बेकरीच्या रांगेत उभे राहायला लागले. पाव सगळ्यांनाच लागतो, तेव्हा रांगेत सगळे येतात. कोण कुठे आहे, कोण आजारी आहे, कुणाचा पासपोर्ट मालकाकडे अडकला आहे, सरहद्दीकडे बस कुठून सुटते, पुढे बोट कुठून मिळते, हे ते पावाच्या कागदांवर लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या रांगेत जाऊन सांगायचे. असं महिनाभर. एकेचाळीस माणसं त्यांनी मोजली होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस मुंबईला पोचली. "बंदरावर उतरलो," मामू म्हणाले, "नि एकमेकांना मिठ्या मारल्या, नि म्हटलं, संपली लढाई, चला आपापल्या घरी. मी कागद समुद्रात टाकले. एकच खिशात राहिला."

इसहाक त्यांच्या खोलीतला होता. तो गावी गेलाच नाही. दुसऱ्या व्हिसाची वाट बघत मुंबईत एका लॉजमध्ये राहिला. तिथे तापाने गेला, आणि अकरा दिवस कुणाला पत्ता नव्हता. गावाला वाटलं तो पुन्हा परदेशी गेला, कुवेतहून बरोबर आलेल्यांना वाटलं तो गावाला आहे. मामूंना कळलं ते त्याच्या भावाच्या पत्रातून, पाच महिन्यांनी.

"लढाईत आम्ही रोज विचारायचो, इसहाक कुठं हाय. बॉम्ब पडत असताना विचारायचो. शांतता झाली, नि विचारायचं बंद केलं." त्यांनी कागदाची घडी घातली. "तो लढाईत मेला नाय गो, पत्रकवाली. शांततेत मेला."

 

पण दुःख खरं असलं म्हणून कान भिंतीत बसवायला परवानगी मिळत नाही, हे अब्बांनी मला शिकवलं आहे, आणि दोन दिवसांनी मी एक कागद घेऊन त्यांच्यापुढे बसले. खातं ठेवायचं तर नियमांनी ठेवा. पहिला नियम, ज्याचं कार्ड त्याला ते कधीही पाहता येईल. दुसरा, कुणी काय विकत घेतलं ते लिहायचं नाही. नारळ तर नाहीच. तिसरा, एकाचं कार्ड दुसऱ्याला दाखवायचं नाही. चौथा, दर वर्षी सगळ्यांना विचारायचं, खातं चालू ठेवायचं की बंद करायचं. बहुमत 'बंद' म्हणालं तर कार्डं नष्ट. मामूंनी चष्मा लावून कागद तीनदा वाचला. पहिल्या तीन नियमांपुढे एकेक सही केली, दुसऱ्यापुढे करताना जरा विव्हळले. चौथ्यापुढे पेन थांबलं.

"लढाई परत येणार नाय, असं कुणी लेखी देईल मना?"

"उलट आहे, मामू. खातं बंद करायला लेखी लागत नाही. चालू ठेवायला लागतं."

"विचार करतो," ते म्हणाले, आणि दीड वर्ष विचार केला. मी दर शुक्रवारी कागद पुढे ठेवायची, ते दर शुक्रवारी "इन्शाल्ला" म्हणायचे. इथे राहिलेल्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग एका बुधवारी मालकाचा माणूस आला. भाडेकरार, दुरुस्त्या वगैरे बघणारा, चांगल्या बोलण्याचा. त्याने मामूंच्या खोलीत बसून चहा घेतला. "चाचा, सब बोलते हैं, आपके पास पूरा रेकॉर्ड है. किस रूम में कौन, कितने लोग. इस हफ्ते हमको लिस्ट देनी है ऊपर. करार से ज्यादा लोग जिधर हैं, वो रूम खाली कराना है. आपका रेकॉर्ड मिल गया तो मेरा काम खलास. शनिवार को आता हूँ."

तो गेल्यावर मामू माझ्याकडे आले. मला अजून त्यांचा चेहरा दिसतो. नवीन शर्ट घातला होता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी अधिकाराचा माणूस त्यांच्या दारात येऊन म्हणाला होता, की तुमची खबर आम्हाला हवी आहे. "बघ पत्रकवाली," ते म्हणाले, "खात्याला मान्यता मिळाली." मी म्हटलं, तिसरा नियम, एकाचं कार्ड दुसऱ्याला नाही. ते म्हणाले, ते एकमेकांत दाखवायचं नाही म्हणून आहे. हा तर अधिकारी माणूस, त्याच्यापुढे मी खोटं बोलू? खबर खोटी द्यायची नाही आणि लपवायची नाही, या दोन गोष्टींवर ते आयुष्यभर चालले होते. मी ओरडले. मुद्दे क्रमाने यायचे थांबले, एवढी ओरडले. ते दुखावले आणि निघून गेले. सात नंबर, तीन नंबर, आणि पाच नंबर. तीन खोल्या जाणार होत्या, आणि त्या कुठल्या हे त्या निळ्या डब्याशिवाय कुणालाच नक्की सांगता आलं नसतं.

गुरुवारपर्यंत ही गोष्ट व्हिलाभर झाली होती. संध्याकाळी रोझी ड्यूटीवरून आली ती सरळ मामूंच्या खोलीकडे गेली. मी मागोमाग गेले. ती दारातच उभी राहिली.

"मामू, पैल्या नियमाने माजा कार्ड बघायचा हाय."

मामूंनी डबा उघडला, पाच नंबरचं कार्ड काढून दिलं. रोझीने ते मोठ्याने वाचलं. "खोली पाच. करार दोघांचा. राहतात पाच. भावाची नोकरी गेली, दुसरी शोधतो आहे. भावजय शिवण घेते. त्यांच्या मुलीला दमा, पंप संपत आल्यास रोझीला आठवण करणे."  मग तिने ते मामूंच्या हातात परत ठेवलं, सांभाळून, पेशंटचा हात ठेवावा तसं.

"बराबर लिवलंय, मामू," ती म्हणाली. "एक पन चूक नाय."

आणि गेली. मी दीड वर्षात जे पटवू शकले नव्हते, ते तिने एका वाक्यात करून टाकलं. आणि त्यात मुद्दा एकही नव्हता.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास मामूंनी मला हाक मारली. वॉशिंग मशीनचं झाकण उघडं होतं, आणि ते डबा पोटाशी धरून उभे होते. "जाळायचं म्हटलं तर धूर होतो," ते म्हणाले, "नि फाडायचं म्हटलं तर हात उचलत नाय." आम्ही एकेक कार्ड टाकत गेलो. प्रत्येक टाकण्याआधी ते एकदा वाचायचे. 'कुलकर्णी. एकटे. गुरुवारी आईला फोन. झाल्यावर दार लावून बसतात, तेव्हा चहाला बोलावणे.' 'इस्त्रीवाला. गुडघा.' माझंही आलं. नारळांची ओळ दुसऱ्या नियमाप्रमाणे खोडलेली होती. शेवटी नवी ओळ होती, 'हिचं कुणी ऐकत नाही असं हिला वाटतं. रोज ऐकणे.' मी ते कार्ड मशीनमध्ये टाकलं. माझे डोळे त्या वेळी कोरडे होते असं मी म्हणणार नाही; मामूंचं खातं असतं तर नोंद झालीच असती.

मामूंनी साबण टाकला. "साबण कशाला?" मी विचारलं. "सवय," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

पुठ्ठा पाण्यात विरघळत नाही, त्याचा लगदा होतो, ही गोष्ट आम्हा दोघांपैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. मशीन दोनदा हुंदका दिल्यासारखं हललं आणि बंद पडलं. पुढचा आठवडाभर, दुरुस्त होऊनही, त्यात धुतलेल्या प्रत्येक कपड्याला करड्या रंगाचे बारीक कण चिकटून यायचे. कुलकर्णींच्या शर्टावर रोझीची खबर, रोझीच्या युनिफॉर्मवर आमची. कुणी तक्रार केली नाही. भाभी नुसती झटकायची आणि दोरीवर घालायची.

शनिवारी मालकाचा माणूस आला. मी अंगणात दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्ताने उभी होते.

"चाचा, रेकॉर्ड?"

"मशीन में धुल गया," मामू म्हणाले. हे खरं होतं.

तो हसला. "कोई बात नहीं. आपको तो सब मुँहजबानी याद होगा. पाँच नंबर में कितने लोग हैं?"

मामूंना व्हिलातल्या प्रत्येकाचा रक्तगट पाठ होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, "उमर हो गई, भाई. अब कुछ याद नहीं रहता."

माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी आयुष्यात दिलेली ही एकमेव खोटी खबर. मालकाच्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली, दोन बंद दारं वाजवली, कुणी उघडलं नाही, आणि तो वर काहीतरी मोघम लिहून देईन म्हणत निघून गेला. तीन महिन्यांनी रोझीच्या भावाला कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला एका वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली. तो कुटुंब घेऊन तिकडे गेला, आणि पाच नंबरमध्ये पुन्हा करारापुरतीच माणसं राहिली. हे पाच नंबरच्या कार्डावर लिहायचं राहून गेलं, कारण कार्ड नव्हतं.

त्यानंतर मामू एकाएकी म्हातारे झाले असं मला वाटलं. भाभी म्हणते, ते आधीच होते, आपण पाहिलं नव्हतं. कंपनीने निवृत्त केलं. इथे नोकरी संपली की राहण्याचा हक्कही संपतो, आणि पस्तीस वर्षं परदेशात राहिलेला माणूस एका सुटकेसमध्ये मावतो. बायको कधीच वारली होती, मुलं नव्हती. खाडीकाठच्या घराची चावी शेजाऱ्यांकडे होती. निघायच्या दिवशी नऊच्या नऊ बिऱ्हाडं अंगणात आली. रोझीने बीपी घेतलं. मामूंनी निळा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "यात आता सुई-दोरा ठेव. यल्ला, चलतो." आणि टॅक्सीत बसताना सवयीने फाटकाशी उभ्या असलेल्यांवर नजर फिरवून बोटं मोजली.

मी डबा उघडला तो रात्री नाही, लगेचच, फाटकातच. एवढा धीर माझ्यात नाही. आत नियमांचा कागद होता. चौथ्या नियमापुढे सही होती. सहीखाली तेच बारीक, टोकदार अक्षर, 'लढाई संपली. खाते बंद. पण विचारत जा.' इसहाकचा पिवळा कागद मात्र त्यात नव्हता. तो ते खिशात घेऊन गेले, आणि त्याबद्दल कुठलाही नियम करायची माझी हिंमत नाही.

खातं बंद झालं, आणि कुणीतरी सरकार होऊन पुन्हा ते काढू म्हणालं तर मी आजही वॉशिंग मशीनवर पत्रक चिकटवीन. माणसांची कपाटं भरून ठेवण्याचा हक्क मी कुणालाही देणार नाही, मामूंनाही नाही. पण त्या दिवशी फाटकात उभी असताना मला एक गोष्ट उशिरा सुचली. बावन्न माणसांची कार्डं होती त्या डब्यात. मामूंचं नव्हतं. 'अखेरचा दिसला' हा रकाना त्यांच्यापुढे कुणीच भरत नव्हतं.

म्हणून आता दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी गावी फोन लावते. ते दुसऱ्या रिंगला उचलतात. वाट बघत बसलेले असतात, पण तसं दाखवत नाहीत. मी सरळ काही विचारत नाही. "मामू, हवा कशी हाय?" पलीकडे थोडी शांतता असते. ते खिडकीबाहेर बघत असणार. "मोकळी हाय, पत्रकवाली," ते म्हणतात. गेल्या शुक्रवारी त्यांनी जरा थांबून जोडलं, "जरा वारा कमी हाय, एवढंच." मी भाभीला सांगितलं. तिने सुट्टी टाकली आहे. पुढच्या आठवड्यात ती जाऊन येईल.

पत्रकाच्या शेवटी मागणी असते, असं अब्बा सांगायचे. मागणीवाचून पत्रक म्हणजे नुसतं रडगाणं. माझी मागणी एकच आहे, आणि ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या ओळखीत असा एक माणूस असेल, जो तिथे आहे असं इथल्यांना वाटतं, आणि इथे आहे असं तिथल्यांना. हे वाचून झालं की त्याला फोन लावा. हवा कशी आहे विचारा, आणि तो खिडकीबाहेर बघून येईपर्यंत थांबा. तो जे सांगेल ते ऐका. लिहून मात्र कुठेही ठेवू नका.